नावाचा सातबारा

माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि जन्मदाखल्याचा फॉर्म भरायला बसल्यावर घरात एकदम चर्चा पेटली. बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम बघून काका म्हणाले हे काय नवीन, आपल्यात कुठं आईचं नाव लावतात. वहिनीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. ती म्हणाली, आईच्या नावाच्या जागी माझं कुठलं नाव लिहायचं? माहेरचं कल्पना, आधारवर अजून तेच आहे. आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं ते गौरी, सगळं सासर तिला त्याच नावाने हाक मारतं. पाच मिनिटं कुणालाच काही बोलता येईना. मला तेव्हा वाटलं की ह्या विषयावर नीट लिहायला पाहिजे, कारण नाव ही आपण रोज वापरतो अशी गोष्ट आहे आणि तिच्यात काय काय भरलंय ह्याच्याकडे आपलं लक्षच नसतं.

नियम नेमका काय आहे

११ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक राहील. क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जन्मदाखला, शाळेतला प्रवेश, परीक्षेची प्रमाणपत्रं, मालमत्तेचे कागद अशा सगळ्या ठिकाणी. अनाथ मुलं आणि अपवादात्मक प्रकरणं ह्यांना सूट आहे. लग्न झालेल्या बाईच्या स्वतःच्या नावाची पद्धत मात्र आहे तशीच ठेवलीय, म्हणजे तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मिळकतीच्या कागदावर लग्नाआधीच्या नावाने नोंद करायची मुभा तेवढी दिलीय.

नियम एवढाच, पण त्याने एवढी चर्चा का व्हावी हे समजून घ्यायचं असेल तर नाव कसं बनतं तिथपासून सुरुवात करावी लागते. ह्या अभ्यासाला नामविज्ञान म्हणतात. माणसांची, गावांची, देवांची नावं गोळा करायची आणि त्यावरून समाजाचा इतिहास वाचायचा. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी माणसांच्या आणि गावांच्या नावांची व्युत्पत्ती शोधण्यात खूप कष्ट घेतले.

नाव म्हणजे सातबारा

शेताचा सातबारा कसा असतो बघा. सातच्या नमुन्यात मालक कोण ते असतं, इतर हक्कात कुणाकुणाचा बोजा आहे ते असतं, बारामध्ये पीक काय घेतलं ते असतं, आणि मालकी कशी बदलत गेली ते फेरफारात सापडतं. आपलं तीन भागांचं मराठी नाव असंच वाचता येतं. पहिल्या नावात घरच्यांची इच्छा आणि भीती असते, मधल्या नावात माणूस कुणाचा मानला जातो ते असतं, आडनावात घराणं कुठून आलं, काय काम करायचं ते असतं. आणि नाव बदललं असेल तर त्या फेरफारामागे हमखास एक गोष्ट असते.

मराठी भाषेला तर हे आधीपासूनच माहीत आहे. नाव काढणं, नाव ठेवणं, नावं ठेवणं, नाव टाकणं, नाव बुडवणं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि प्रत्येकात अब्रूचा विषय. 'नाव लावणं' तर बघाच. बाई नवऱ्याचं नाव लावते आणि माणूस शेताला नाव लावतो, दोन्हीला शब्द एकच.

पहिलं नाव कोण ठेवतं?

बारसं आठवा. पाळण्याच्या खालून वरून बाळाला फिरवत बायका कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणतात, आणि मग कानात कुर्रर्र करून नाव सांगते ती आत्या. मावशी नाही, आजी नाही, आत्या. म्हणजे वडिलांची बहीण. नऊ महिने पोटात वाढवलं आईने, बाळंतपण बहुतेक वेळा आईच्या माहेरी, पण नाव द्यायचा मान वडिलांच्या घराण्याचा. मला हा विधी खूप आवडतो, आत्याचा तो हक्क कुणी काढून घ्यावा असंही मला वाटत नाही, पण मूल कुठल्या घराचं मानलं जातं हे पाळण्यापाशीच ठरतं एवढं ह्यातून नक्की दिसतं.

पहिल्या नावात जुन्या काळी गावचा देव असायचा. इतका की नाव म्हणजे जवळजवळ पिनकोड. सिद्धाराम म्हटलं की सोलापूर, जोतिराम म्हटलं की कोल्हापूरकडचा, खंडू म्हणजे घरात जेजुरी, अंबादास म्हणजे तुळजापूर, वैजनाथ परळीकडचा, रवळू तळकोकणातला, मंगेश आणि नागेश मूळ गोव्यातले, विदर्भात शेगावमुळे घरोघरी गजानन. विठ्ठल, पांडुरंग, तुकाराम, ज्ञानेश्वर मात्र सगळीकडे, कारण वारी सगळीकडून जाते.

आणि देवाबरोबर शेजारीही नावात आले. अण्णा, अप्पा, अक्का हे कानडीशी असलेलं जुनं नातं. पिराजी म्हणजे पीराचा नवस. शहाजी आणि शरीफजी ही नावं मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीरावरून ठेवली अशी परंपरेतली गोष्ट आहे. ही नावं आपल्याला अस्सल मराठी वाटतात आणि ती आहेतच, इतक्या पिढ्या आपल्या तोंडात रुळल्यावर ती परकी कशी राहतील.

दगडू, धोंडू आणि नकुशी

आता जरा दुखऱ्या भागाकडे येऊ. जुन्या पिढीत दगडू, धोंडू, केरबा, भिकू, उकिरडा अशी नावं सापडतात. शहरातल्या मुलांना वाटतं की अडाणीपणा, दुसरं काही सुचलं नसेल. तसं नाहीये. लागोपाठ दोन तीन मुलं दगावली की पुढच्या मुलाला मुद्दाम असं नाव ठेवायचे की ज्याच्यावर कुणाची नजर पडणार नाही, मृत्यूला वाटावं की हे घरात नकोसंच आहे आणि त्याने पुढं जावं. दगडासारखा टिको म्हणून दगडू, भीक मागून मिळवला म्हणून भिकू, केरातून उचलला म्हणून केरबा. लस नव्हती, दवाखाना नव्हता, तेव्हा आईबापाच्या हातात नाव एवढंच औषध होतं. म्हणून दगडू हे नाव मला कधी हलकं वाटत नाही, फार लाडानं आणि फार भीतीनं ठेवलेलं नाव आहे ते.

पण ह्याच्या अगदी शेजारी दुसरं नाव आहे, नकुशी. नकोशी. तिसरी चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे आता तरी मुलींची रांग थांबेल आणि मुलगा होईल. वरवर बघितलं तर दगडू आणि नकुशी एकाच पठडीतली नावं वाटतात, दोन्ही वाईट, दोन्ही मुद्दाम ठेवलेली. पण नीट बघा, दगडूला वाईट नाव दिलं ते तो राहावा म्हणून, आणि नकुशीला दिलं ते तिच्यासारखी परत कुणी येऊ नये म्हणून. एवढा फरक तीन अक्षरांच्या नावात मावतो. सिंधुताई सपकाळ यांनाही लहानपणी घरात चिंधी म्हणायचे, नको असलेली मुलगी म्हणून.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात एका कार्यक्रमात २८५ नकुशींची नावं बदलण्यात आली. त्यांनी स्वतः नवी नावं निवडली, कुणी नटीचं घेतलं, कुणी देवीचं, कुणी साधंच पण चांगल्या अर्थाचं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. आकडा वाचून समजतं, पण शाळेत हजेरी घेताना रोज सगळ्या वर्गासमोर 'नकोशी' म्हणून हाक ऐकायची आणि 'हजर' म्हणायचं, हे डोळ्यासमोर आणलं की तो आकडा म्हणजे काय ते कळतं.

केरबाचा नातू सिद्धार्थ

सगळी हलकी नावं मूल जगेल का ह्या भीतीतून आलेली नव्हती हेही सांगायला पाहिजे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सरळ सांगितलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं निंदा दाखवणारं. म्हणजे नाव ऐकल्याबरोबर माणसाची पायरी कळावी अशी सोयच. (त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असंही आहे, आणि आपल्या लोकांनी ते अजिबात मनावर न घेता घरोघरी गंगा, यमुना, गोदावरी ठेवल्या, हे मला फार छान वाटतं.)

भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर ४९ नावं कोरलेली आहेत, त्यातली २२ 'नाक' ह्या शेवटाची आहेत, सिदनाक वगैरे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेले महार सैनिक आज ओळखता येतात ते नावाच्या त्या एका शेपटामुळे.

आता एक फेरफार बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतरच्या पिढीत घरोघरी नावं पालटली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा. आजोबा केरबा किंवा धोंडिबा आणि नातू सिद्धार्थ, अशी घरं महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. कुणी जीआर काढला नव्हता. लोकांनी स्वतःहून ठरवलं की आमच्या मुलाला हाक मारताना समोरच्याला चांगलाच शब्द उच्चारावा लागला पाहिजे. नावामुळे काय होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ही एक गोष्ट नीट बघावी.

मधलं नाव: बिन आणि कोम

आमच्या घरात शेताचे जुने कागद आहेत, काही मोडीतले, काही नंतरचे. त्यात पुरुषांची नावं अशी येतात की अमुक बिन तमुक. बिन म्हणजे मुलगा, हा शब्द अरबीतून आला. आज आपण मधलं नाव म्हणून वडिलांचं लावतो ते ह्याच पद्धतीचं, फक्त 'बिन' गळून पडलं. पेशव्यांची नावं बघा, बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ. त्यांचं आडनाव भट होतं हे पुस्तक उघडल्याशिवाय आठवत नाही, कारण ओळख सांगायला वडिलांचं नाव पुरायचं.

बायकांच्या नावाला 'कोम' लागतं. कोम म्हणजे बायको. आमच्या आजीचं नाव एका कागदावर सरस्वती कोम अमुक असं आहे, रेशन कार्डावर सरूबाई, आणि माहेरी तिला सोनी म्हणायचे ते तर कुठल्याच कागदावर नाही. एका कामासाठी ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला आम्हाला प्रतिज्ञापत्र करावं लागलं, चार वेळा खेटे घातले आणि दरवेळी खिडकीवरचा माणूस विचारायचा, नक्की नाव काय ह्यांचं? आजी शेजारी बाकावर बसून ऐकत होती. आजोबांना हा प्रश्न आयुष्यात कधी आला नाही, ते जन्मले त्या नावाने गेले.

आणि ह्याच आजीने आजोबांचं नाव कधी सरळ घेतलं नाही. घ्यायचं झालं तर उखाण्यात. 'दारातल्या जाईला फुटलाय नवा कोंब' असं काहीतरी जुळवून शेवटी हळूच नाव. म्हणजे नवऱ्याचं नाव आयुष्यभर लावायचं पण तोंडाने उच्चारायचं नाही, आणि स्वतःचं मात्र बदलायचं. कायद्यात लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कुठेही नाही, तरी बहुतेक मुलींना ती सक्तीच वाटते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा, ते म्हणून किती मोठं काम होतं हे आजीच्या कागदाकडे बघितलं की कळतं. कारण नुसतं नवऱ्याचं नाव लावून घेणं वेगळं आणि जमिनीला आपलं नाव लागणं वेगळं.

"पण आईचं नाव लावणं आपल्यात नव्हतंच ना?"

काकांचा प्रश्न हाच होता आणि त्याचं उत्तर नाशिकला आहे. पांडवलेण्यात ३ नंबरच्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे, सातवाहनांचा, एकोणीसशे वर्षांच्या आसपास जुना. तो कोरवून घेतला गौतमी बलश्री ह्या राजमातेने. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गौतमीचा पुत्र, वासिष्ठीचा पुत्र. ह्या मातीतले आपल्याला माहीत असलेले सगळ्यात जुने मोठे राजे आईच्या नावाने ओळखले जात होते, त्यामुळे आईचं नाव लावणं ही कालची फॅशन आहे हे म्हणणं टिकत नाही.

मात्र पूर्ण खरं सांगायचं तर गौतमी हे तिचं पाळण्यातलं नाव नाही. गौतमी म्हणजे गौतम गोत्राची, म्हणजे ती ज्या घरातून आली त्या घराचं नाव. तिचं स्वतःचं नाव बलश्री, आणि ते आपल्याला माहीत आहे ते तिने स्वतः लेख कोरवून ठेवला म्हणून. म्हणजे त्या काळी आईचं नाव लावायचे म्हणून बायकांचं राज्य होतं असं समजायचं कारण नाही. पण मूल दोन घरांचं असतं हे तेव्हा नावात दिसत होतं आणि मधल्या काळात ते दिसेनासं झालं.

गाव सोडल्याशिवाय 'कर' लागत नाही

आडनावांकडे येऊ, इथं मजा आहे. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही वतनाची कामं. कुलकर्णी गावचा हिशेब ठेवणार, देशपांडे परगण्याचा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस ह्यांच्यातलं 'नीस' हे फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, साताऱ्याकडच्या कटगुणचं, पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे फुले झालं. म्हणजे आडनाव हे देवाने दिलेलं नसतं, दोन पिढ्यांत बदलू शकतं.

आणि 'कर'. पर्रीकर म्हणजे पर्रा गावचे, मंगेशकर म्हणजे मंगेशीचे, आंबेडकर म्हणजे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं ते भिवा रामजी आंबेडकर असं, घराण्याचं आडनाव सकपाळ असताना. आता विचार करा, आंबडव्यात राहणाऱ्या माणसाला गावातलं कुणी आंबडवेकर कशाला म्हणेल, तिथं सगळेच आंबडव्याचे. गाव सोडून बाहेर आल्यावरच लोक विचारतात कुठले तुम्ही. म्हणून प्रत्येक 'कर' मध्ये घराण्यातल्या कुणीतरी कधीतरी गाव सोडल्याची खूण असते, पोटासाठी, दुष्काळामुळे, चाकरीसाठी.

हा 'कर' धर्म बघत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावांनी त्यांना शनवार तेली हे नाव दिलं. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जायचे. सॅम्युएलचा सामाजी! ह्यांच्यातले बरेच जण १९४८ नंतर इस्राएलला गेले आणि रायगडातल्या लहान लहान गावांची नावं आडनाव म्हणून तिकडे घेऊन गेले. कोकणातल्या मुसलमानांतही महाडकर, चिपळूणकर आहेत. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज अमलात आलेली फर्नांडिस, रॉड्रिग्ज ही आडनावं परकी वाटतात, पण फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. आपल्या 'बिन' चाच भाऊ.

गावांच्या नावांवर वेगळं लिहावं लागेल, पण पाटीवर बुद्रुक आणि खुर्द दिसलं की एवढं लक्षात ठेवा की बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, मोठं, आणि खुर्द म्हणजे धाकटं.

"आडनावावरून जात कळतेच की"

हे लोक खूप ठामपणे म्हणतात आणि बऱ्याचदा चुकतात. पवार, जाधव, गायकवाड, मोरे, शिंदे, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, ओबीसींत आहेत, भटक्या समाजांत आहेत, ख्रिश्चनांतही आहेत. भाड्याने घर बघताना आडनाव विचारून मग 'तुमच्यात काय काय चालतं' असं विचारणाऱ्याला त्यातून काहीच पक्कं कळत नाही, पण विचारलं गेलेल्या माणसाला मात्र समोरचा काय शोधतोय ते पक्कं कळतं. ते त्याला आयुष्यभर लक्षात राहतं.

मग आडनावंच काढून टाका असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण फुले आणि आंबेडकर हीसुद्धा आडनावंच आहेत. पण जिथं नावच अपमान म्हणून दिलंय तिथं ते बदलायलाच पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, महारवाडा, मांगवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. त्यावर आक्षेप असा येतो की नाव बदलून वस्तीत पाणी येणार आहे का. पाणी नावाने येत नाही हे खरंच आहे, त्यासाठी वेगळं भांडावं लागतं. पण तिथल्या मुलीला कॉलेजच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना हात आखडता घ्यावा लागू नये, हेही काही कमी नाही.

"आजकालची नावं तर कुठलीच वाटत नाहीत"

आरव, विहान, कियान, अन्वी. आजीला उच्चारता येत नाहीत म्हणून तक्रार, अर्थ कळत नाही म्हणून तक्रार. पण प्रत्येक पिढीच्या नावांत त्या पिढीला काय हवंय तेच असतं. रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव सचिन ठेवलं ते सचिनदेव बर्मन आवडायचे म्हणून, सुनील गावस्करांनी रोहन ठेवलं ते वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हाईवरून. देवळाच्या जागी रेडिओ आणि क्रिकेट आलं होतं. आज आईबापांना असं नाव हवंय जे पुण्यातही चालेल आणि परदेशातही कुणाला अडखळायला लावणार नाही, म्हणजे बाळ पाळण्यात असतानाच त्याच्या पासपोर्टचा विचार झालेला असतो. हे बघून मला वाईट वाटत नाही, फक्त एक वाटतं की मोबाईलवरच्या यादीतलं नाव उचलताना अर्थ एखाद्या जाणत्या माणसाला विचारून घ्यावा. आणि जमलं तर पणजीचं नाव एकदा माहीत करून घ्यावं, ठेवायचं नसलं तरी.

मग वहिनीने काय लिहिलं

तर आमच्या घरी फॉर्म दोन दिवस तसाच पडून होता. काकांना नाशिकच्या लेण्याची गोष्ट सांगितली, ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग गौरी लिहा, आता तेच तिचं नाव आहे. भावाचं म्हणणं आधारशी जुळायला पाहिजे, नाहीतर पुढं पोरीला त्रास, म्हणून कल्पना. दोघंही आपापल्या परीने बरोबर होते.

आजी खाटेवरून सगळं ऐकत होती. तिने वहिनीला विचारलं, तुझी आई तुला काय हाक मारती गं?

वहिनी म्हणाली, कल्पी.

आजी म्हणाली, मग कल्पना लिही. माझं लिहायचं राहिलं.

भावाने पेन वहिनीकडे दिलं आणि तिने स्वतःच्या अक्षरात ती जागा भरली.